ठोंबऱ्यांचं सार्वजनिक सुतक

भोकरदन तालुक्यातील धावडा येथील रहिवासी आणि तहसील कार्यालयातून अव्वल कारकून पदावरून सेवानिवृत्त झालेले श्री. रखमाजी ठोंबरे यांच्या असं लक्षात आलं, की आपल्याला आता कोणी रामराम करत नाही. नोकरीत असताना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं बसस्टँडपासून हात जोडत त्यांच्यामागे यायची. आता तीच माणसं अंगावर धूळ उडवून मोटारसायकलवरून निघून जात. रखमाजींनी हा प्रकार काही दिवस तोंडी सहन केला आणि मग त्यावर रीतसर उपाययोजना करायचं ठरवलं.

उपाय त्यांना जालन्याच्या एसटीत सापडला. रस्त्याकडेला भलामोठा फलक होता, 'ठोंबरे ठिबक प्रायव्हेट लिमिटेड'. तो वाचून त्यांची छाती फुगली. मालक कोण, कुठला, काळा का गोरा, काही ठाऊक नव्हतं. पण आडनाव आपलं म्हणजे नळ्याही आपल्याच, असं त्यांना वाटून गेलं. पुढे शहरात ठोंबरे गल्लीची पाटी दिसली तेव्हा तर त्यांना राहवेना. शेजारच्या अनोळखी बाईंना ते म्हणाले, "आमचीच हाये." बाईंनी पिशवी पोटाशी घेतली.

लवकरच 'सकल ठोंबरे बंधुमंडळ' नोंदणीकृत झालं. अध्यक्ष रखमाजी, सचिव पुंजाराम ठोंबरे. पुंजारामला खरं तर अध्यक्षच व्हायचं होतं, त्यामुळे सचिव म्हणून तो फार दक्ष होता. अशात एका पक्षाच्या तालुका पुढाऱ्याने सहज विचारलं, "तुमचे ठोंबरे किती?" आणि रखमाजींची झोप उडाली. आकडा वाढवणं भाग होतं. मग ज्याच्या नावात ठोंबरे तो सभासद, असा ठराव झाला. माणसं घेतली, ठोंबरेवाडी नावाच्या दोन वाड्या घेतल्या, जालन्याची गल्ली घेतली, एक पिठाची गिरणी घेतली, ठिबक कंपनीला न विचारता घेतलं, आणि तरी एक कमी पडतोय म्हणून शेवटी खुद्द मंडळालाही सभासद करून टाकलं.

बौद्धवाड्यातले कडूबा ठोंबरेही अर्थातच घेतले. कडूबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. भोकरदन स्टँडवर ते गाडी लागल्याचं सांगत, तेव्हा माईक बंद असला तरी कोणाचं अडत नसे. त्यांच्या वाड्यातल्या ठोंबऱ्यांची संख्या भरघोस होती. उद्घाटनाला त्यांना व्यासपीठावर, तेही पहिल्या रांगेत बसवण्यात आलं आणि तसा फोटो आवर्जून काढण्यात आला.

"आपल्यात जात न्हाई, पात न्हाई!" रखमाजी गरजले. "महाराष्ट्राच्या कोपऱ्यात एक ठोंबरे गेला, तरी माझ्या घरचा दिवा विझतो! ठोंबरे तेवढे एक भावकी!" बोलता बोलता त्यांचे डोळे खरंच भरून आले. भाषण देताना माणसाला स्वतःचं बोलणं पटू लागतं, तसं त्यांचं झालं. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. पुंजारामने सगळ्याचा व्हिडिओ काढून ठेवला.

याच सुमारास रखमाजींच्या मुलीचं, शालूचं लग्न ठरलं. शालू भोकरदनला एका शाळेत शिकवायची. मुलगा पिंपळगाव रेणुकाईच्या वसंता शेजूळांचा, हरिओम, कृषी सेवा केंद्र चालवणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांनी ते आपणच केल्यासारखं दाखवलं होतं, सगळं सुरळीत होतं. मांडवाची वेळ आली, केळीचे खांब आले, आणि त्याच सकाळी मंडळाच्या ग्रुपवर कराडकडचे एक ठोंबरे आजोबा वारल्याचा संदेश पडला. रखमाजींनी सवयीने दोन हात जोडले, भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आणि आचाऱ्याला वांगी मोजून द्यायला निघाले. दारात पुंजाराम उभा होता.

"अध्यक्षसाहेब, लगीन कसं लावता? भावकीत माणूस गेला. सुतक हाये."

"आरं, कोन कुठला म्हातारा! म्या त्याला बघितलं बी न्हाई."

"बघितलं न्हाई तर भाषणात रडले कशाला?" पुंजारामने मोबाइल पुढे केला. "दिवा विझतो म्हनले. हे पहा, विझून राह्यला."

रखमाजींनी उभी हयात लोकांना नियम दाखवण्यात काढली होती. नियम समोरून येताना कसा दिसतो, हे ते पहिल्यांदाच पाहत होते. गावचे सोमेश्वर गुरुजी म्हणाले, भावकी म्हटली की दहा दिवस धरलेच. लग्न पुढे ढकललं. केळीचे खांब गाईंनी खाल्ले.

पण ठोंबरे थोडे का होते! कराडच्या आजोबांचे दहा दिवस उलटतात तोवर परभणीच्या काकू गेल्या. काकूंचा दहावा झाला नाही तो नाशिककडचे एक मोठे बागायतदार गेले. पूर्वीही हे सगळे मरतच असतील, पण रखमाजींना कळवून मरत नव्हते. आता मंडळाच्या उत्कृष्ट संपर्कयंत्रणेमुळे एकही मृत्यू वाया जात नव्हता. धावड्यात ठोंबऱ्यांच्या घरी ना बारसं, ना वास्तुशांत. गिरणीवाल्या ठोंबऱ्याने नवा पट्टा आणला होता, तोही नारळावाचून तसाच पडून राहिला.

"तुमचे भाऊबंद मरून राह्यले आन् माही पोरगी घरात बसून राह्यली," तुळजाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "इतकाच जीव हाये ना भावकीवर, तर त्यायला मरू तरी देऊ नका."

बायकोचं बोलणं रखमाजींनी सूचना म्हणून दाखल करून घेतलं आणि मंडळाची आरोग्य समिती स्थापन केली. समितीचं काम एवढंच, की राज्यातल्या वृद्ध व आजारी ठोंबऱ्यांची समक्ष भेट घेऊन, पुढील लग्नतिथीपर्यंत प्रकृतीत कोणताही बदल करू नये, अशी विनंती करणं. समिती मोसंबी घेऊन जालन्याच्या एका दवाखान्यात गेली. तिथे अंबडकडचे एक ठोंबरे आजोबा अखेरच्या घटका मोजत होते.

"कोन तुमी?" आजोबांनी विचारलं.

"भाऊबंद."

"जमिनीचं असंल तर पोराला भेटा."

"जमीन न्हाई आबा. पोरीचं लगीन हाये. तेवढे आठ-पंधरा दिवस..." मोसंबीची पिशवी हातात तशीच राहिली आणि रखमाजींना स्वतःची लाज वाटली.

आजोबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "नाव काय पोरीचं?"

"शालू."

"बरं. थांबतो. पर जल्दी उरका."

आणि आजोबा शब्दाला जागले. जगले एवढंच नव्हे, तर उठून बसले, मोसंबी सोलून मागू लागले. डॉक्टरांनी औषधाला श्रेय दिलं. इकडे नवी तिथी निघाली, पत्रिका पुन्हा छापल्या. आणि सगळे माणसांकडे डोळे लावून बसलेले असताना ठोंबरे ठिबक प्रायव्हेट लिमिटेड वारली.

म्हणजे बंद पडली. गेटला कुलूप लागलं, फलक उतरवला. रखमाजी म्हणाले, कंपनीचं कसलं सुतक? पुंजाराम म्हणाला, कायद्याने कंपनी ही व्यक्तीच असते, आणि व्यक्ती आपली सभासद आहे. रखमाजींना कायदा माहीत होता, हेच त्यांचं दुर्दैव. दहाव्याला सगळी भावकी टेम्पो करून कंपनीच्या गेटवर गेली. विधी कोणी करायचे हा प्रश्न आला. कंपनीला मूलबाळ नव्हतं, साधी उपकंपनीही नव्हती. तेव्हा अध्यक्ष या नात्याने रखमाजींनी डोकं आणि मिशी उतरवली. पिंड ठेवला. कावळा येईना.

"काहीतरी इच्छा राह्यली तिची," गुरुजी म्हणाले.

नवी यंत्रं आणू म्हणून सांगून झालं, नाव चालवू म्हणून सांगून झालं. कावळे कुंपणावर बसून होते, जागचे हलत नव्हते. शेवटी रखमाजींनी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि नोकरीतल्या जुन्या, ठेवणीतल्या आवाजात पुटपुटले, "तुमची अनुदानाची फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवली हाये. सही झाली समजा." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्याने झडप घातली.

आता मात्र वसंता शेजूळांचा निरोप आला. अक्षय तृतीयेला लग्न लागलं तर लागलं, नाहीतर आम्हाला दुसऱ्या मुली सांगून येतायत. हरिओमने तो निरोप मान्य नसल्याचं शालूला फोनवर सांगितलं, पण निरोप तर आलाच होता. त्या दिवशी शालू जेवली नाही. रखमाजींनी आयुष्यात पुष्कळ लोकांना 'उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं. स्वतःच्या मुलीला तसं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

त्यांनी ग्रामपंचायतीच्या सभागृहात तातडीची बैठक बोलावली. विषय एकच, ठरावात दुरुस्ती. यापुढे सुतक फक्त 'आपल्या' ठोंबऱ्यांचं धरावं.

"आपले म्हंजे कोनते?" कडूबांनी मागून विचारलं. माईकची गरज नव्हतीच.

सभागृहात एकदम खोकला सुरू झाला. आपले कोणते हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण शब्द प्रत्येकाला शेजाऱ्याच्या तोंडून हवा होता. 'स्थानिक ठोंबरे' म्हणावं, असं एकाने सुचवलं. पण कडूबा तर स्थानिकच. 'मूळ' म्हणावं, तर कडूबांचं घर रखमाजींच्या घराहून जुनं. 'सोयीचे' हा शब्द कोणीतरी काढला आणि लगेच गिळला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ, कशाला जिवाला त्रास करून घेता," कडूबा उठले. "आमी छप्पन सालीच सुतक सोडलं. आमच्या घराला कोनाचंच लागत न्हाई, मानसाचं न्हाई आन् कंपनीचं बी न्हाई. मांडव माह्या अंगणात टाका. तुमी सुतकात असले तर आमी नवरा-बायको चुलता-चुलती म्हनून उभं राह्यतो. शालू आमची बी पोरगीच हाये. ठरावच हाये तुमचा तसा."

मांडणीत एकही त्रुटी नव्हती. रखमाजींनी अव्वल कारकुनाच्या नजरेने ती उलटसुलट करून पाहिली. कुठे शेरा मारायला जागा सापडेना. सगळी भावकी त्यांच्याकडे पाहत होती. टकलावर घाम आला. त्यांना शालू दिसत होती, आणि शालूच्या मागे उभे असलेले चार लोकही दिसत होते.

"प्रस्ताव उत्तम हाये," ते म्हणाले. "बिलकुल उत्तम. पर त्यापरीस मी म्हंतो, मंडळच बरखास्त करू."

कडूबा खाली बसले. मंडळ एकमताने बरखास्त झालं. इतक्या जलद कुठलाच ठराव आजवर झाला नव्हता. भावकी संपली, सुतक संपलं, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात पुंजारामने घसा साफ केला.

"एक बाब नजरेस आनतो. मंडळ सोता सभासद व्हतं. ते आत्ताच गेलं. तवा भावकी जिवंत व्हती."

गुरुजींनी बोटांवर हिशोब केला. अक्षय तृतीया सुतकातच येत होती.

घरी ही हकीकत ऐकून शालू उठली आणि पायांत चपला घातल्या.

"आबा, तुमाला अंगण चालंना म्हनून तुमी अख्खी भावकी मारली. मला चालतं. मी कडूबाकाकाच्या घरी केशरकाकूकडं मेंदी काढायला चालले. लगीन तिथंच लागंल, न्हाईतर न्हाई लागंल. हरिओमला विचारलंय, तो येतो म्हनला."

तुळजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हळदीचा डबा उचलला आणि मुलीच्या मागे निघाल्या.

लग्न ठरल्या मुहूर्तावर बुधवारी, अक्षय तृतीयेला, कडूबांच्या अंगणात लागलं. शेजूळ मंडळी आली, कारण पत्रिका वाटून झाल्या होत्या. गाव झाडून आलं, कारण काय होतं ते पाहायचं होतं. सोमेश्वर गुरुजींनी मंगलाष्टकं रस्त्याच्या पलीकडून म्हटली. माईकची वायर लांब होती, काही अडचण आली नाही. कडूबा आणि केशरबाई चुलता-चुलती म्हणून उभे राहिले, रखमाजी मांडवाच्या कडेला उभे होते. पुंजारामने व्हिडिओ काढला, आहेर झाले, फोटो झाले, कडूबांच्या खांद्यावर हात टाकून लोकांनी त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं.

मग केशरबाईंनी पंगतीला हाक मारली. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती, तुपाचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. आणि असं निघालं, की सगळ्या गावाला उपास आहे. शेजूळांनाही आहे. अक्षय तृतीया म्हणजे पितरांनासुद्धा जेवू घालायचा दिवस, त्यातून बुधवार. त्या दिवशी उपास करणारा माणूस पंचक्रोशीत दिवा घेऊन शोधला तरी मिळू नये. पण तिथे एकाच वेळी पाचशे जण निघाले. कोणी गणपतीचा सांगितला, कोणी बायकोच्या नवसाचा, पुंजारामने डॉक्टरांचा सांगितला. अंगण रिकामं होत गेलं. केशरबाई हातात वाढायची पळी घेऊन उभ्याच होत्या.

खरा उपास फक्त रखमाजींचा होता. मुलीच्या बापाने लग्न लागेपर्यंत करायचा असतो तो. आणि लग्न तर लागलं होतं. पोटात आग पडली होती. ते मोकळ्या पंगतीत एकटेच जाऊन बसले, नवरा-नवरी त्यांच्या शेजारी येऊन बसली, तुळजाबाई बसल्या. कडूबांनी बट्टी कुस्करून वर वरण ओतलं. पहिला घास रखमाजींनी इकडेतिकडे पाहून घेतला, दुसरा न पाहता घेतला.

"मीठ बराबर हाये ना?" कडूबांनी विचारलं.

"बराबर हाये," रखमाजी म्हणाले आणि रडू लागले. यावेळी व्हिडिओ काढायला कोणी नव्हतं.

कडूबा धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आता सगळ्यांनाच पाठवणार आहेत, आडनाव न बघता. वाचकहो, तुमचा तर जातपात मानण्याशी काही संबंधच नाही, तेव्हा तुम्ही नक्की जाल, आहेर कराल, फोटोतही उभे राहाल. फक्त वार कोणताही येऊ शकतो. त्या वाराला कोणत्या देवाचा उपास असतो, तेवढं घरून निघतानाच ठरवून ठेवा. ऐन पंगतीत आठवत नाही.