तबकडीतला खोकला

"पुन्हा आणली का?" शिवहारनं उंबरठा ओलांडायच्या आत अनुसयाबाईंनी नवऱ्याला गाठलं. "लोकं क्यासेटी घेऊन राहिले, अन् तुमी मेल्या माणसांचे आवाज घरात आणून राहिलेत!"

"अगं, कीर्तन हाये," शिवहार तबकडी छातीशी धरून म्हणाला.

जवळा बाजारला बद्रुद्दीनभाईंच्या भंगारात कीर्तनाची तबकडी सापडणं म्हणजे उकिरड्यावर तुळस उगवणं. लग्नाच्या गाण्यांचे ढीग उपसावेत, हात काळे करावेत, तेव्हा कुठं एखादे बुवा भेटायचे. तेही ओरखड्यांनी घायाळ. मग शिवहार त्यांना रिठ्याच्या पाण्यानं लेकरासारखं न्हाऊ घालायचा.

"ह्यातून काही वंगाळ निघालं, तर घरातला समदा ढीग परत द्यायचा. बोला!"

"दिला," शिवहार म्हणाला. कीर्तनातून वंगाळ काय निघणार?

दिवेलागण झाली. शिवहारनं विजेवरच्या ग्रामोफोनच्या पेटीवर तबकडी चढवली. त्याची आई सोजराबाई जप आटोपून भिंतीला टेकल्या. खरखरीतून बुवांचा आवाज असा काही वर आला, की शिवहारचे हात आपोआप जुळले. तान संपवून बुवा क्षणभर थांबले आणि तेवढ्यात कुणीतरी खोकलं. कोरडं, लांबलचक, शेवटी एक हुंकार.

सोजराबाईंनी झटकन पदर कपाळापर्यंत ओढला.

"काय झालं, माय?"

"तुझा बाप हाये."

दगडोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. हयातीत ते बोलत कमी. खोकूनच काम भागवत. शिवहारनं सुई मागं घेतली. तोच खोकला! अनुसयाबाई बाजेवरून ताडकन उठल्या. सासऱ्यासमोर त्या कधी बसल्या नव्हत्या. पुढचं कीर्तन त्यांनी पदर घेऊन, दाराआड उभ्यानं ऐकलं. तेवढ्यात वीज गेली. बुवांचा आवाज जाड होत होत विहिरीत उतरला आणि तळाशी जाऊन बसला.

"उद्या परत!" दाराआडून थरथरता आवाज आला.

"सासऱ्याला भंगारात टाकतीस?" सोजराबाईंना हुंदका फुटला. "इतक्या वर्षांनी घरला आले, अन् तू हाकलून राहिलीस?"

हे कीर्तन कुठल्या गावात झालं होतं आणि बाबा तिथं कसे गेले, एवढं कळलं तरी बायकोची भीती जाईल, म्हणून शिवहार दुसऱ्या दिवशी बद्रुद्दीनभाईंकडे गेला. त्यांनी आपल्या मशीनवर तबकडी लावली. तान संपली, बुवा थांबले. आणि पुन्हा गाऊ लागले.

"खोकला कुठं गेला?"

"कसला खोकला, शिवहारभाऊ? स्टुडिओतलं काम हाये हे. बंद खोली. तिथं कोण खोकून राहिलं?"

पुन्हा लावली. बुवांचा गळा साफ, श्रोत्यांचाही साफ.

"तकलीफ असंल तर ठेवून जा."

शिवहारनं तबकडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. ठेवावी, तर आई अन्न सोडणार. न्यावी, आणि बाबा आलेच नाहीत तर? त्याहून वाईट म्हणजे, आले तर?

तो तबकडी घेऊन घरी परतला. सोजराबाई पेटीशेजारी नवऱ्यासाठी पाट मांडूनच बसल्या होत्या. सुई टेकली. तान संपत आली तसा शिवहारचा धीर सुटला आणि त्यानं सुई उचलून हातातच धरली. तबकडी नुसतीच फिरत राहिली.

चहाची वेळ झाली होती. भीती खरी, पण सून ती सून. अनुसयाबाईंनी दाराआडून हळूच विचारलं, "मामंजी... चहा टाकू का?"

पेटीतून दोनदा खोकला आला.

"दोनदा खोकले," सोजराबाई लाजून म्हणाल्या. "साखर वाढवून टाक गं."

अनुसयाबाईंनी निमूटपणे एक कप जास्तीचा मांडला.