बेल उचलून दिलेला रिव्ह्यू

"ह्या जिल्ह्यात आता एक बी खोटा रिव्ह्यू टिकणार न्हाई!" अशी घोषणा श्रीशैलनं माजलगावच्या पेठेतल्या आपल्या बांगड्यांच्या दुकानात केली, तेव्हा ऐकायला एकच गिऱ्हाईक होतं आणि तिला हिरवा चुडा हवा होता.

पण श्रीशैलला चुड्यापेक्षा क्रांतीची घाई होती. त्याचं दुःख खरंच होतं म्हणा! मागच्या वर्षी गडी पाच-पाच चांदण्या बघून मोबाईल दुरुस्तीच्या कोर्सला गेला. कोर्स संपला तेव्हा त्याला मोबाईल खोलता येत होता; परत जोडता येत नव्हता. चौकशीअंती कळलं की चांदण्या देणारे सगळे सरांचे मेहुणे, साडू आणि भाचे! तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. धंदा शिकवणाऱ्या क्लासांचा असा रिव्ह्यू निघाला पाहिजे, की वाचणाऱ्यानं बिनघोर फी भरावी.

उपाय त्याला महादेवाच्या देवळात सापडला. बेल उचलून खोटं बोलायची छाती तालुक्यात कुणाची नाही. बांधाची भांडणं बेलावर मिटतात, मग क्लासची का नाही? ज्याला रिव्ह्यू द्यायचा त्यानं सोमवारी देवळात यायचं, बेलाचं पान हातात घ्यायचं आणि बोलायचं. श्रीशैल ते मोबाईलवरून थेट जगाला दाखवणार!

"आरं, देवाला ह्यात कावून वढतोस?" त्याची आई बसम्मा म्हणाली. "त्यात तुजी सुपारी फुटायचीय. पोरीच्या बापाचा बी क्लासच हाय, इसरलास का?"

विसरतो कसला! कल्याणरावांच्या टॅली-जीएसटीच्या क्लासातच तो शिकला होता आणि तिथंच त्यानं त्यांच्या तेजश्रीला पाहिलं होतं. दोन्ही घरं राजी होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं, ह्या आनंदात तो हल्ली एकीच्या मापाच्या बांगड्या दुसरीच्या हातात चढवत असे.

"आई, सरांचा तर पयला नंबर यील!"

पहिला आला मोटार वाइंडिंग शिकलेला सत्यम. देवळाबाहेर तो आपल्या सरांचा शेलक्या शब्दांत उद्धार करत होता. पान हातात पडलं आणि त्याची दातखीळ बसली. सर त्याच्या मावशीचे दीर होते. खोटं बोलावं तर महादेव कोपणार, खरं बोलावं तर मावशी!

"बोल की बे!" श्रीशैल ओरडला.

सत्यमनं घाम पुसला. "क्लासातलं पाणी... लई गार असतंय."

"आन् शिकवणं?"

"माठ रोज धुतेत."

दुसरा भारत, ड्रायव्हिंग स्कूलचा. म्हणाला, "गाडीचा रंग लई झ्याक हाय."

"ब्रेक?"

"रंग दोन्ही बाजूंनी हाय."

मग ब्यूटी पार्लरचा कोर्स केलेली अंजू आली. "मॅडमचा सोभाव लई मायाळू हाय."

"आन् भुवया कोरायला कशा शिकवतेत?"

अंजूनं ओढणी कपाळावरून खाली, पार डोळ्यांपर्यंत ओढली. "सोभाव लईच मायाळू हाय!"

श्रीशैलनं कपाळाला हात लावला. अख्ख्या तालुक्यात सोयरा नसलेला मास्तर मिळणं मुश्कील, आणि सोयऱ्याची नाचक्की भर देवळात कोण करणार? पण लोक त्याच्यापेक्षा शहाणे निघाले. तलवाड्यापासून युसूफ वडगावापर्यंत लोकांना खूण पटली. माठाचं कौतुक झालं की तिकडं फिरकायचं नाही! मोटार वाइंडिंगचा क्लास ओस पडला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी झ्याक रंगानिशी सावलीत उभी राहिली. कुणी एक शब्द खोटा बोललं नव्हतं आणि कुणी कुणाला नावं ठेवली नव्हती. श्रीशैलची छाती दोन इंच वाढली.

हे पाहून कल्याणरावांनी मोठ्या विश्वासानं, सर कसं शिकवतात ते सांगायला आपले तीन विद्यार्थी देवळात धाडले.

"खुर्च्या लई गुबगुबीत हायेत," पहिला म्हणाला.

"भिंतीवर सरांचा फोटू एकदम सरळ लावलाय," दुसरा म्हणाला.

तिसऱ्यानं पान हातात घेऊन बराच वेळ वर पाहिलं. "पंखे दोन हायेत."

श्रीशैलनं घाईघाईनं मोबाईल झाकला. पण थेट गेलेलं थेटच जातं. घटकाभरात कल्याणराव दुकानात हजर!

"माज्या क्लासात पंखे बघाया येतेत व्हय रं पोरं?"

"सर, तसं न्हाई..."

"तू बी माज्याकडंच शिकलास ना? मंग येत्या सोमवारी तूच बेल उचल! नीट बोललास तर तिथंच सुपारी फोडू. न्हाई तर बस दुसऱ्यांच्या बायकांना बांगड्या भरत!"

सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. श्रीशैलनं पान उचललं आणि त्याला सगळं आठवलं. सर वर्गात यायचे, "हं, करा सुरू," म्हणायचे आणि फोन कानाला लावून जे बाहेर जायचे ते सुट्टीलाच उगवायचे. हे बोलावं तर लग्न गेलं, न बोलावं तर महादेव! इतक्यात त्याच्या तोंडावर एकदम तेज आलं.

"ह्या क्लासातलं शिकवणं एक नंबर हाय!" तो गरजला. "दुकानाचं जीएसटी रिटर्न मी एकटा भरतो. आजपातूर एक बी चूक निगाली न्हाई!"

शब्द न् शब्द खरा होता. कल्याणरावांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून सुपारी काढली. बसम्मानं देवाला हात जोडले.

"पान हातात हाय तवर एक सांग बे," गर्दीतून सत्यम म्हणाला. मावशीकडून खाल्लेल्या शिव्या तो विसरला नव्हता. "शिकवतंय कोण?"

श्रीशैलनं पानाकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं, पिंडीकडं पाहिलं.

"तेजश्री," तो म्हणाला.

सुपारी पुन्हा खिशात गेली. दुसऱ्या दिवशी क्लासपुढं ही रांग! सगळ्यांना तेजश्री मॅडमचीच बॅच पाहिजे होती. कल्याणराव रागावले म्हणाल, तर मुळीच नाही. पिढीजात व्यापारी माणूस तो. त्यांनी पाटीवरचं आपलं नाव पुसून लेकीचं घातलं आणि बसम्माला निरोप धाडला, "पोरगी दिली तर क्लास कुणी चालवायचा? एवढी बॅच हुं द्या." ती बॅच संपेस्तोवर दुसरी भरली आणि दुसरीच्या पाठीवर तिसरी.

शेवटी श्रीशैल धीर करून क्लासात गेला. तेजश्री फळ्यासमोर उभी होती. बाकं गच्च भरली होती आणि तिच्या आवाजाला अशी धार होती, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा लिहून घेत होती. त्यानं तिला दाराशी बोलावलं.

"सरांचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमच्या मनात काय हाय? लगीन करायचं का न्हाई?"

आणि सवयीनं त्यानं खिशातलं बेलाचं पान पुढं केलं.

एवढ्या सगळ्या घोळात हा प्रश्न तिला अजून कुणी विचारला नव्हता. तिनं पान अदबीनं तळहातावर घेतलं. भरलेल्या वर्गाकडं पाहिलं, दारावरच्या नव्या पाटीकडं पाहिलं आणि मग श्रीशैलकडं पाहिलं, अगदी मायेनं.

"तुमच्या दुकानातल्या बांगड्या," ती म्हणाली, "लई टिकतेत."

जिल्ह्यातली एकमेव खात्रीची रिव्ह्यू पद्धत त्याच संध्याकाळी बंद पडली. पद्धतीच्या खरेपणाबद्दल श्रीशैलला आता काडीचीही शंका उरली नव्हती.