दोन अक्षरांचा रविवार

पॅसिफिक महासागरातल्या आमच्या टोंगा बेटांवर रविवारी धंदा करणं हा गुन्हा आहे. नुसती रूढी नव्हे, थेट राज्यघटनेतच तसं लिहिलेलं आहे. दुकानं बंद, शेतं बंद, होड्या किनाऱ्याला. पोरांनी चेंडूला लाथ मारली तरी शेजारची म्हातारी खिडकीतून खाकरते. सकाळी चर्च, दुपारी अळूच्या पानात गुंडाळून भुईत भाजलेलं मटण आणि त्यावर झोप. या झोपेला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ती फार छान लागते.

अशाच एका रविवारी आमचे संचालक सिओसाइया यांना जेवणानंतर झोप आली नाही. त्यांनी बायबलचं वचन बघण्यासाठी (ऑफिसच्या टिपणात तशी नोंद आहे) मोबाइल उघडला आणि त्यांना बायकांच्या पोहण्याच्या कपड्यांचं दुकान दिसलं. दुकान जर्मनीतलं, पण त्याच्या इंटरनेटवरच्या नावाच्या शेपटीला, ठिपक्यापुढे, आपल्या देशाची दोन अक्षरं! ही अक्षरं आम्ही जगभर भाड्यानं देतो. कुणालाही, काही न विचारता. आणि दुकान चक्क उघडं होतं.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं. मी त्यांच्या नावनोंदणी कक्षातला कारकून.

"नाव म्हणजे काय रे?"

"नाव म्हणजे नाव, साहेब."

"गाढवा, नाव म्हणजे जमीन! टोंगाची जमीन परक्याला विकता येत नाही, फक्त भाड्यानं देता येते. मग भाडेकरूनं घरमालकाचा रविवार पाळायचा की नाही?"

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. शिवाय माझा पगार त्यांच्या सहीनं निघतो. हुकूम सुटला: आमच्या अक्षरांची जगातली सगळी दुकानं रविवारभर बंद. उघडायला जावं तर घंटा वाजायची आणि पाटी दिसायची: 'आज प्रभूचा दिवस. झोपा.'

आता, आमच्याकडे दिवस जगाच्या आधी उजाडतो. त्यामुळे आमचा रविवार अमेरिकेत शनिवारीच जाऊन धडकला. तिथले दुकानदार ओरडले, "ऐन शनिवारी आम्ही बंद आणि रविवारी उघडे, हा काय प्रकार?" संचालकांनी तक्रार गांभीर्यानं वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे त्यांच्या रविवारी ते उघडे असतात? अरेरे!" हुकूम सुधारण्यात आला. पृथ्वीवरचा शेवटचा रविवार मावळेपर्यंत सगळं बंद. आठवड्याला दोन रविवार झाले.

'करारात हे नव्हतं,' असं भाडेकरूंनी कळवलं. होतं की. 'भाडेकरूस स्थानिक कायदा बंधनकारक राहील' असं तळाशी बारीक अक्षरांत होतं आणि 'वाचलं, मान्य आहे' इथं सगळ्यांनी टिचकी मारलेली होती. वाचलं मात्र कुणीच नव्हतं. मीही नाही, आणि ते टाइप मीच केलं होतं.

पुढच्या रविवारी परदेशात, ऑकलंडला स्थायिक झालेली आमची माणसं नटूनथटून गावच्या चर्चची उपासना पडद्यावर बघायला बसली. चर्चचं पानही आमच्याच अक्षरांवर, त्यामुळे तिथंही घंटा वाजली आणि 'झोपा'. पाद्री खवळले. लगेच दुसरा हुकूम: उपासनागृहांना सूट. उपासनागृह कोण, तर जो स्वतःला तसं म्हणेल तो, कारण श्रद्धेची चौकशी करणं शोभत नाही. बघता बघता पोहण्याच्या कपड्यांचं दुकान 'पवित्र स्नान मंडळी' झालं. एक जुगाराचा अड्डा 'नशिबावर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा मठ' झाला. किमतीला दान म्हणू लागले आणि सवलतीला आशीर्वाद. इतकी चर्चं जगात कुठल्याच देशाच्या नावावर नाहीत, म्हणून संचालकांची छाती फुगली.

बंद राहिलं एकच दुकान, संचालकांच्या सख्ख्या आत्याचं. कालोलाइने आत्या आणि गावातल्या विधवा केवड्याच्या पानांच्या ताओवाला विणतात. ताओवाला म्हणजे कमरेला गुंडाळायची चटई. ती न बांधता मयताला गेलं तर मेलेल्याआधी आपणच लाजेनं मरायचं. परदेशातली आमची माणसं ती आत्याच्या इंटरनेटवरच्या दुकानातून मागवायची आणि त्यावर अख्ख्या आळीच्या चुली पेटायच्या. मरण काही वार बघून येत नाही. आठवड्यातले दोन दिवस दार बंद म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटायला लागलं आणि आत्या ऑफिसात येऊन थडकली.

बापाची बहीण आमच्यात घरात सर्वांत मोठी. तिच्यासमोर भाच्यानं उंचावर बसायचं नाही. संचालक खुर्चीवरून घसरून फरशीवर बसले. मला त्यांच्याहून खाली बसणं भाग होतं, म्हणून मी जवळजवळ आडवाच झालो.

"सिओसाइया, माझं दुकान उघड."

"आत्या, फक्त 'मंडळी' म्हण. लगेच उघडतो."

"मी चटया विकते."

"विकत नाहीस गं, वाटतेस! लोक आपखुशीनं दान देतात."

"आपखुशीनं? घासाघीस करून जीव नकोसा करतात माझा! आणि देवाच्या नावानं खोटं बोलू होय रे? तुझं ढुंगण धुतलंय मी."

"आत्या, हळू. कारकून ऐकतोय."

"ऐकू दे. त्याचंही धुतलंय."

बापाच्या बहिणीला 'नाही' म्हणायची आमच्यात सोय नाही. म्हणून संचालक तोंडानं 'हो आत्या' म्हणाले आणि निर्णय टपालानं पाठवला. रविवारी धंदा करण्याचा हेतू साक्षीदारासमक्ष कबूल केल्याबद्दल दुकानाचं नाव जप्त. साक्षीदार मीच होतो. मला फार लाज वाटली. सही मात्र स्वच्छ आली. जप्त नाव पवित्र स्नान मंडळीनं मागितलं आणि एवढ्या मोठ्या चर्चला नकार कसा देणार?

गेल्या महिन्यात ऑकलंडला संचालकांचा चुलतभाऊ वारला. आत्या गेली आणि मानाप्रमाणे मयताच्या उशाशी बसली. भोवती सगळं घर कमरेला चकचकीत प्लास्टिकच्या चटया बांधून उभं होतं. कुणी हललं की त्या करकरायच्या.

"कुठून आणल्यात रे?" आत्यानं विचारलं.

"तुझ्याच दुकानातून, आत्या. आता रविवारीसुद्धा उघडं असतं."

 मयताच्या अंगावरचं प्लास्टिक आत्यानं सोडलं आणि आपल्या कमरेची चटई त्याला बांधली.

तुम्हाला आमची गंमत वाटली असेल. खुशाल हसा. आमच्याकडे देवाच्या नावावर निदान एकच वार आहे. तुमच्याकडे तर सोमवारपासून सातही वार कुठल्या ना कुठल्या देवाचे आहेत. तिथं अजून कुणी कक्ष उघडलेला नाही, एवढंच.