एका सामन्यासाठी पाच वर्षं

रँडी कुबियाकने एवढंच ठरवलं होतं, की या वेळी बायकोला काही विचारायचं नाही, परस्पर करून टाकायचं. (परस्पर केलेल्या गोष्टींचा त्याचा इतिहास फारसा बरा नव्हता. मागच्या वर्षी लग्नाच्या चोविसाव्या वाढदिवसाला त्याने जोलीनला परस्पर एक घडीची खुर्ची आणली होती. फुटबॉल संघाचं चिन्ह असलेली, हाताशी बाटली ठेवायला खाच असलेली. त्यानंतर अकरा दिवस जोलीन घरात फक्त कुत्र्याशी बोलत होती.) आता पंचविसावा वाढदिवस येत होता आणि या वेळी चुकून चालणार नव्हतं. कुत्र्यालासुद्धा ते झेपलं नसतं.

झालं असं, की एप्रिलमध्ये संघांची नव्या खेळाडूंची निवड चालू होती आणि रँडी टीव्हीला नाक लावून बसला होता. आपल्या संघाने पुढच्या वर्षांच्या निवडी देऊन टाकून यंदा वरचा नंबर घ्यावा का, या प्रश्नावर तो तीन आठवडे गावच्या रेडिओला फोन करत होता. 'मॅनिटोवॉकचा रँडी' म्हणाला रे म्हणाला, की निवेदिका उसासा टाकायची. त्याचं मत ठाम होतं. आजच्या एका पोरासाठी उद्याचं सगळं विकणारा माणूस बिनडोक. जिल्हा कचेरीत तो कुत्र्यांचे परवाने द्यायचा, तिथे परवान्याबरोबर हे मतही फुकट मिळायचं.

तेवढ्यात जोलीन म्हणाली, "या वर्षी वाढदिवसाला मला बेअर्स बघायचेत."

रँडीने टीव्हीवरून नजर काढली. हे तो सहसा करत नाही.

"बेअर्स? तुला?"

"मला. किती वर्षं मनात आहे. आणि टीव्हीवर नाही हं. डोळे दिसतील इतक्या जवळून."

"नोव्हेंबरात थंडी असते."

"थंडीतच तर ते रंगात येतात," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

आता आमच्या मॅनिटोवॉकमध्ये बेअर्स म्हटलं, की शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळतं, शिकागोचा संघ. आमच्या ग्रीन बेच्या संघाचं त्यांच्याशी वैर तीन पिढ्यांचं. जिने पंचवीस वर्षांत एक सामना धड पाहिला नाही, त्या बाईला शेवटी तोच सामना बघावासा वाटला, या विचाराने रँडीने टीव्हीचा आवाज चक्क बंद केला. आणखी काही विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

सामना बघायचा मार्ग एकच होता, तो सासऱ्याच्या गॅरेजमधून जात होता. सासरा लेरॉय व्हँडेलू याच्याकडे ग्रीन बेच्या मैदानातल्या दोन खुर्च्या आहेत, वडिलांकडून आलेल्या. आमच्याकडे या खुर्च्या शेतासारख्या वारसाने येतात. नव्याने हव्या असतील तर यादीत नाव घालायचं आणि नातू मोठा व्हायची वाट बघायची. मोसमात आठ सामने आणि वाटेकरी चार घरं: लेरॉय स्वतः, मुलगा डार्विन, थोरली मुलगी पॅटी आणि धाकटीचा नवरा म्हणून रँडी. दर मे महिन्यात तारखा जाहीर झाल्या, की शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये नंबरवारीने सामने निवडायचे, दोन फेऱ्या. अगदी खऱ्या संघांसारखं. नंबर अदलाबदल करता येतो, पुढच्या वर्षांचे सामनेही सौद्यात देता येतात. सौदा चालू झाला, की लेरॉय स्वयंपाकघरातलं अंड्याच्या आकाराचं घड्याळ दोन मिनिटांवर लावतो आणि ते वाजेपर्यंत सौदा करणारे दोघं सोडून कुणी बोलायचं नाही. बोलला त्याची पाळी गेली. पॅटीची पाळी एकदा 'कॉफी कुणाला हवी' एवढ्यावर गेली होती.

तारखा आल्या. बेअर्सचा सामना आठ नोव्हेंबरला, रविवारी. रँडीचं लग्न झालं होतं आठ नोव्हेंबरला. हा योगायोग बघून त्याला कचेरीत घाम फुटला, कारण यंदा त्याचा नंबर चौथा होता आणि पहिला होता डार्विनचा. डार्विन जुने ट्रॅक्टर विकतो. गरजू माणूस त्याला फाटकातूनच ओळखू येतो.

शनिवारी गॅरेजमध्ये भाजलेल्या सॉसेजचा वास होता, फळ्यावर आठ सामने लिहिलेले होते आणि जोलीन अजून आली नव्हती. रँडीने घाईघाईने सांगितलं, की मला पहिला नंबर हवाय. कारण मात्र त्याने सांगितलं नाही; कारण कळलं की भाव चढतो, एवढी अक्कल त्याला होती. (चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं.) लेरॉयने घड्याळ लावलं. ते टिकटिक करायला लागलं आणि सगळे गप्प झाले.

"दाजी," डार्विन म्हणाला, "रेडिओवर तुम्ही काय म्हणत होतात? उद्याचं विकणारा माणूस कोण?"

"बिनडोक," रँडी म्हणाला.

"बरं. मग बोला."

रँडीने पुढच्या वर्षीचा एक सामना देऊ केला. डार्विन नखं बघत बसला. रँडीने पुढच्या वर्षीचे दोन्ही देऊ केले. डार्विनने सॉसेजला मोहरी लावली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोन वर्षांचे चार देऊ केले तेव्हा तो म्हणाला, की शिकागोवाल्यांना हरताना बघण्यात काही वेगळीच मजा असते, आणि पुन्हा नखं बघायला लागला. पॅटीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. लेरॉयने बोट वर केलं. पॅटीने त्या तोंडात सॉसेज घातलं, पण तिचे डोळे विस्फारलेलेच राहिले आणि ती रँडीकडे बघून मान हलवायला लागली. रँडीला वाटलं, ती धीर देतेय.

अर्धं मिनिट उरलं. हा सामना गेला तर आठ तारखेला तो तिला काय दाखवणार होता? पुन्हा अकरा दिवस? आणि त्याला खरंच तिला खूश करायचं होतं, नुसता स्वतःचा जीव वाचवायचा नव्हता.

"पाच वर्षं," डार्विन म्हणाला. "पाच वर्षांतले तुमचे सगळे सामने. दहा."

"दहा?"

"आणि यंदाचे तुमचे दोन. बेअर्स तुमचे."

घड्याळ वाजायच्या एक क्षण आधी रँडी हो म्हणाला. लेरॉयने फळ्यावर लिहिलं, आणि फळ्यावर लिहिलेलं पुसायचं नाही हा त्या गॅरेजचा कायदा आहे.

"अरे बाबा," पॅटीला आता कुठे बोलता आलं, "पण हे सगळं कुणासाठी?"

"जोलीनसाठी. तिला बेअर्स बघायचेत." हे सांगताना रँडीची छाती जरा पुढे आली होती.

पॅटीने सॉसेज खाली ठेवलं. तेवढ्यात जोलीन बटाट्याच्या सॅलडचं पातेलं घेऊन आत आली आणि सगळे आपल्याकडे का बघतायत म्हणून दारातच थांबली. रँडीने फळा दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"रँडी," ती म्हणाली, "बेअर्स म्हणजे अस्वलं रे. खरी. पांढरी. कॅनडात, चर्चिलला बर्फावर येतात ती."

डार्विन इतका हसला, की त्याची खुर्ची मागे सरकली. लेरॉयने टोपी काढून हातात धरली. ती तो फक्त कुणी गेल्यावर काढतो. रँडीला मात्र बुडताना काडी दिसली.

"मग जाऊ की. तिकिटं काढलीस का? दोघांची?"

"दोघींची," जोलीन म्हणाली.

पॅटी छताकडे बघायला लागली.

जोलीनने पातेलं टेबलावर ठेवलं. सामन्यांच्या तारखा येईपर्यंत ती मुद्दाम थांबली होती, असं ती सांगत होती. आठ तारखेला बेअर्सचा सामना दिसल्यावर तिने कालच पॅटीला सोबत येतेस का म्हणून विचारलं. "तुला सामना आणि मी यांतून एक निवडायला लावायचं माझ्या जिवावर आलं," ती म्हणाली. "उत्तर काय येईल याची भीती वाटली."

गॅरेजमध्ये कुणी काही बोललं नाही, आणि या वेळी घड्याळही लावलेलं नव्हतं. रँडीला वाटलं, डार्विनने पाच नव्हे, पंचवीस वर्षं काढून घेतली असती तरी एवढं लागलं नसतं.

"मी आलो असतो," तो म्हणाला.

"खरंच?"

"अगं, पाच वर्षं विकली मी. चुकीच्या अस्वलांवर विकली, पण तुझ्यासाठीच."

जोलीन त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसली. तिने त्याचा हात हातात घेतला, मोहरी लागलेला होता तरी, आणि पॅटीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. "पॅटी, तुझी जागा याला दे ना," ती म्हणाली.

पॅटी मनाने फार चांगली बाई आहे. पण ती लेरॉयची मुलगी आहे.

"देते की," ती म्हणाली. "बदल्यात?"

"बेअर्सची दोन्ही तिकिटं," रँडी लगेच म्हणाला.

"ती धरलीच मी. वर काय?"

रँडीने फळ्याकडे बघितलं. पुढचं वर्ष डार्विनचं. त्याच्या पुढचंही डार्विनचं. खाली पाचही ओळींत डार्विन बसला होता. बायकोच्या शेजारची एक जागा समोर होती आणि ती घ्यायला त्याच्याकडे उद्याचं काहीही शिल्लक नव्हतं. लेरॉयने मुकाट्याने घड्याळ लावलं.

"पाच हिवाळे," पॅटी म्हणाली, "माझ्या दारातला बर्फ तू काढायचा. रस्त्यापर्यंतचा."

पॅटीचं घर रस्त्यापासून लांब आहे. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे किती लांब. एक मिनिट पन्नास सेकंद शिल्लक असताना रँडी हो म्हणाला.

लेरॉयने फळ्यावर लिहिलं, 'रँडी: पाच हिवाळे, बर्फ'. पॅटीने उठून त्याच्यापुढे स्वतःच्या हाताने 'छपरावरचा धरून' एवढं लिहिलं. रँडीला त्याचं काही वाटलं नाही. जोलीनने अजून त्याचा हात सोडला नव्हता, ती फळ्याकडे टक लावून बघत होती, आणि आता ती काहीतरी प्रेमाचं बोलणार म्हणून त्याने कान दिला.

"पॅटीचा झाला," ती म्हणाली. "आणि आपल्या दारातला?"