घरशाळेच्या सनदेची मोहीम आणि ताईसाहेबांशी झालेला तह

अखंड-जिज्ञासा-अलंकृत वाचणार मंडळींचे सेवेसी विनंती ऐसी जे, घरीच शिकलेल्या कन्येस कॉलेजाचा दरवाजा कैसा उघडला याची साद्यंत हकीकत लिहावी ऐसी खुद्द कन्येची आज्ञा जाहली, ती शिरसावंद्य मानून हे लिहिले असे. लिहिणार तिचे तीर्थरूप, म्हणजे ज्यांच्या चुका सांगावयाच्या तेच; सबब चुका कोठे कमी पडल्यास वाचणारांनी आपल्या पदरच्या घालून घ्याव्या.

कन्येचे वय दहा असता तीर्थरूपांचा शाळेशी बिघाड जाहला. कारण इतुकेच, की कन्येने वर्गात मुंगी झोपते काय ऐसे पुशिले आणि बाईंनी धडा संपल्यावर विचार ऐसे फर्माविले आणि धडा काही संपला नाही. मग तीर्थरूपांनी तिचे नाव शाळेतून काढिले आणि स्वयंपाकघरालगतची खोली मुक्रर करून घरशाळा स्थापिली, आणि तीत मुख्याध्यापक, शिपाई व घंटा ही तिन्ही पदे स्वतःकडे ठेविली, आणि कन्येच्या मातोश्री राणीसाहेब यांस गणिताचा सुभा दिला. भिंतीवर फर्मान लाविले, की एक काम नीट पुरे केल्याखेरीज दुसऱ्यास हात लावू नये. तीर्थरूपांच्या वडील भगिनी ताईसाहेब, तीस वर्षे शाळेत पर्यवेक्षिका, यांनी ते समयी एकच सवाल केला, "अरे, पण पोरीला पेपर सोडवायला कोण शिकवणार?" त्यावर तीर्थरूप तोऱ्यात बोलून गेले, "ताई, तू जन्मभर घंटा वाजवलीस, तुला शिक्षण काय कळणार!" तेथून सात वर्षे ताईसाहेब घरी येत, चहा घेत, हवापाण्याचे बोलत, परंतु शिक्षण हा शब्द उच्चारीत नसत.

पुढे कन्या सतरा वर्षांची जाहली आणि कीटकशास्त्र शिकावे ऐसा तिने निश्चय केला आणि कॉलेजाचे पत्रक आणिले. त्यात शेवटास बारीक अक्षरांत लिहिले होते, की उच्च माध्यमिक शाळेची सनद किंवा तत्सम दस्तऐवज रुजू करावा. हे वाचून तीर्थरूप हवालदिल जाहले आणि जेवणाचे मेजावर मसलत बसली. वाटा तीन दिसल्या. टपालाने शिकविणाऱ्या शाळेत नाव घालावे, तर दोन वर्षे जाणार. सरकारी समकक्ष परीक्षा द्यावी, तर पाच पेपर, आणि घरशाळेत परीक्षा हा शब्द शिवीसमान. तिसरी वाट, मुख्याध्यापकांनी आपलेच हाते सनद लिहून द्यावी. ज्या वाटेत स्वतःची सही होती ती तीर्थरूपांस पसंत पडली, आणि जाड कागद आणविला आणि शिक्का करविला आणि वर्तणुकीचे रकान्यात 'समाधानकारक' ऐसे लिहिले, त्याजवरून कन्या दोन दिवस रुसली. राणीसाहेबांनी पुशिले, "मी सही कुठे करू? उपमुख्याध्यापिका म्हणून, की आई म्हणून?"

मग तीर्थरूप सनद घेऊन कॉलेजाच्या चार नंबरच्या खिडकीवर चालून गेले. आत कारकूनबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"मुख्याध्यापक कोण?"

"मी."

"विद्यार्थिनीशी नातं?"

"वडील."

"शाळेत एकूण मुलं?"

"एक."

"मग पहिला नंबर आला असेल."

ऐसी पहिली चकमक होऊन तीर्थरूपांची शिकस्त जाहली. परंतु कारकूनबाई दिलदार. त्यांनी सांगितले, की घरची सनद जोडावी, हरकत नाही, परंतु सोबत बाहेरचा एक निकाल पाहिजे, सबब समकक्ष परीक्षा द्या. मग दरखास्त भरली आणि कन्या परीक्षेस रवाना जाहली.

तेथे जे वर्तले ते लिहिताना कलम अडखळते. विज्ञानाचे पेपरात पहिला सवाल, पानाचे कार्य थोडक्यात लिहा, सहा गुण. कन्येने भिंतीवरील फर्मान स्मरले आणि तो सवाल हाती घेतला आणि आकृत्या काढिल्या आणि शंका उपस्थित करून त्यांचे निरसन केले, आणि बावीस पृष्ठे लिहून जों सवाल नीट पुरा जाहला, तों तीन तास संपले. सहापैकी सहा मिळाले. शंभरापैकीही सहाच.

निकाल हाती घेऊन कन्या खोलीत बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला काहीच येत नाही का?"

पुढील परीक्षा दोन मासांवर, आणि तीही बुडाल्यास वर्ष गेले आणि पोरीचा धीरही गेला. मग तीर्थरूप उठले आणि पायी चालत ताईसाहेबांचे दाराशी गेले आणि घंटी दाबून शरण आले.

"ताई, चुकलो. पेपर कसा सोडवायचा तेवढं शिकव तिला."

ताईसाहेबांनी विजयाचा चौघडा वाजविला नाही. इतुकेच म्हणाल्या, "चपला काढ आणि आत ये." तहनामा तोंडीच ठरला, की दोन मास घरशाळेचा कारभार ताईसाहेबांकडे, आणि मुख्याध्यापकांनी त्या खोलीत फक्त पाणी घेऊन यावे, तेही बोलाविल्यास.

मग ताईसाहेबांनी भिंतीवरील फर्मान उतरविले आणि मेजावर गजराचे घड्याळ मांडिले. सहा गुणांस दहा मिनिटे, गजर जाहला की कलम खाली. कन्येने तकरार केली, "आत्या, पण हे अर्धवट राहिलंय!"

"राहू दे. तपासणाऱ्यालाही घरी जायचं असतं."

"पण यातली खरी गंमत तर पुढेच आहे."

"ती कॉलेजात सांग. तिथे पोचायचंय ना आधी?"

आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या मुख्याध्यापकांस त्या दिवशी प्रथमच समजले, की आत्याभाची हसतात सारख्याच.

दुसरे स्वारीत कन्येने पाचही पेपर सर केले. विज्ञानात एक उत्तर वाक्याचे मध्येच तोडून ती पुढे गेली, त्याचे दुःख तिला अद्याप आहे. तरी त्या पेपरात गुण शंभरापैकी एक्क्याऐंशी. निकाल व घरची सनद दोन्ही घेऊन मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी चार नंबरच्या खिडकीवर पुन्हा चाल केली, आणि कारकूनबाईंनी दोन्ही कागद उलटसुलट पाहून शिक्कामोर्तब केले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कॉलेजाकडील हानी काही नाही. आमचेकडील, घरशाळेचा संपूर्ण पट, म्हणजे एक विद्यार्थिनी, सोमवारी साडेनऊचे बसने गेली. ती परत मागावी ऐसी ताकद या दौलतीत नाही. इच्छा आहे, परंतु तिची नोंद दप्तरी घेतलेली नाही.