ताटलीची पाठ

विहीणबाईंच्या नव्याकोऱ्या टेबलावर ओरखडा उठला तो काकूंच्या ताटलीमुळे. काकू घरामागच्या खोलीत विजेच्या छोट्या भट्टीत रंगीत काचा वितळवून ताटल्या करायच्या. ताटली वरून आरशासारखी, खालून मात्र कानशीसारखी. विहीणबाई ओरखड्यावर रुमाल पसरून "चालायचंच" एवढंच म्हणाल्या. काकूंना तेच जास्त लागलं.

"चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं," घरी येताना त्या काकांना म्हणाल्या. "रविवारी ते सगळे आपल्याकडे येतायत. तोवर गुळगुळीत पाठीची ताटली झालीच पाहिजे."

काका निवृत्त ड्राफ्ट्समन, दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात तरबेज. वितळलेली काच भट्टीतल्या फरशीला चिकटू नये म्हणून काकू फरशीवर पांढऱ्या भुकटीचा लेप ब्रशने देत. काकांनी तो भिंगातून पाहिला.

"अगं, ब्रशचे फराटेच काचेवर उमटतायत. लेप घासून सारखा करायला हवा. मी करतो."

"तुम्ही नका करू."

"घासायला काय अक्कल लागते?"

काकूंची पाठ वळताच काकांनी लेकीचा जुना नायलॉनचा मोजा घेतला आणि फरशी चकाचक होईपर्यंत घासली. सोबत लेपही गेला, पण फरशीही पांढरीच असल्याने हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. काकूंनी विश्वासाने वर काच मांडली आणि भट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी ताटली फरशीला घट्ट धरून बसली होती. काकांनी ओढलं, काकूंनी काकांना ओढलं. शेवटी ताटली निघाली, पण फरशीचा टवका घेऊनच.

"पाठ गुळगुळीत आहे का?" काकांनी हळूच विचारलं.

"पाठ कुठे दिसतेय? फरशी दिसतेय."

नवी फरशी आली. काकूंनी पातळ लेपाचा एक हात उभा दिला, एक आडवा. वाळल्यावर त्यावरून मोजा नुसता फिरवला, झोपलेल्या बाळाचा गाल पुसावा तसा. काकांकडे दाराबाहेर उभं राहायचं काम होतं. भट्टी थंड झाली आणि ताटली बाहेर आली. काकांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, मग गाल टेकवला. काकूंनी पण टेकवला.

रविवारी विहीणबाईंनी ताटली उलटी करून तळहाताने चाचपली. "वा, किती मऊ," त्या म्हणाल्या, अगदी बेताने. काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांनी पॉलिश केलेल्या लांब टेबलावर ताटली आली, तिच्यात द्राक्षं आली.

"आई, जरा इकडे सरकव ना," लेक म्हणाली.

काकूंनी बोटाने सरकवली. ताटली निघाली ती थांबेचना. लेकीसमोरून गेली, जावयाच्या हातातून निसटली आणि थेट टेबलाच्या टोकाला विहीणबाईंच्या पोटाशी जाऊन विसावली. एक द्राक्ष व्याह्यांच्या चहात पडलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"विहीणबाई," समोरच्या टोकाकडून काकूंना हाक आली, "तुम्ही तर घेतलीच नाहीत."

काकूंनी डोळे उघडले तर ताटली सुसाट परत येत होती. त्यांनी ती झेलली आणि काही कळायच्या आत परत धाडली. ती पुन्हा आली, पुन्हा गेली. काका टेबलाच्या कडेला हात आडवे धरून बसले.

"मला कोणी द्राक्षं देईल का?" व्याह्यांनी विचारलं.

"थांबा हो जरा," विहीणबाई चष्मा काढून ठेवत म्हणाल्या, आणि काकूंकडे वळून हसल्या. "अगं, आता जरा जोरात ढकल."