पहिली टाळी सुदेशची

"या वर्षी आपल्या कार्यक्रमात एकही टाळी चुकीच्या जागी वाजणार नाही! वाजली तर नावाचा सुदेश परब नाही!"

ही गर्जना सुदेशने केली तेव्हा त्याच्या तोंडात बटाटावडा होता, त्यामुळे ती थोडी बोबडी निघाली. पण निर्धार पक्का होता. समोर बसलेल्या मंदाकिनीताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. ताई वाद्यवृंदाच्या खजिनदार. त्यांचा विश्वास फक्त बँकेवर होता, माणसांवर नव्हता.

"टाळ्या काय तुझ्या हातात आहेत का रे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच हातात आहेत, ताई! बघाच तुम्ही!"

सुदेशला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याची बायको ऐश्वर्या वाद्यवृंदात चेलो वाजवायची. चेलो म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारं व्हायोलिन. ते एकटीला उचलवत नाही आणि रिक्षावाला घेत नाही, म्हणून सुदेश हमालीला जायचा. तालमीच्या वेळी कोपऱ्यात रिकामा उभा असायचा. आणि आपल्याकडे कुठल्याही संस्थेत रिकामा उभा राहिलेला माणूस सेक्रेटरी होतो, तसा तो झाला.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतची पन्नासेक माणसं या वाद्यवृंदात होती. दिवसा दात उपटणारे, शाळेत शिकवणारे, कंपनीत हिशेब लिहिणारे लोक संध्याकाळी व्हायोलिन नाहीतर बासरी घेऊन जमायचे. वर्षभरात त्यांनी ठाण्यात तलावाकाठी वाजवलं, मोहन्याच्या शाळेत वाजवलं, कल्याणच्या वृद्धाश्रमात तर आजोबांच्या आग्रहाखातर दोनदा वाजवलं. पण सगळ्यांचा जीव होता तो दिव्याच्या वर्गावर. दिव्यात, जिथे नळाला पाणी येईल की नाही याचा भरवसा नाही, तिथे एका खोलीत दर रविवारी मुलांना फुकट व्हायोलिन शिकवलं जायचं. खोलीचं भाडं आणि मुलांच्या हातातली व्हायोलिनं, दोन्ही हरिहरराव टेंबे यांच्या ट्रस्टची.

आणि घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं.

हरिहररावांचा मानपाड्याला कारखाना. तरुणपणी जर्मनीत नोकरी झालेली, तिथल्या मैफली ऐकून कान तयार झालेले. सिंफनीचे चार भाग असतात, मधे थोडी शांतता असते आणि त्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे त्यांच्या लेखी देवळात चपला न घालण्याइतकं पवित्र होतं. मागच्या वर्षी पहिला भाग संपला आणि आपल्या रसिकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या भागानंतर शिट्ट्या आल्या. तिसऱ्यानंतर बाल्कनीतून कोणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं. हरिहरराव उठले, छत्री घेतली आणि चालते झाले.

"पुढील वर्षी एकदा येईन," दारात त्यांनी सुदेशकडे वळूनही न बघता त्याला सांगितलं होतं. "मध्ये एक जरी टाळी वाजली, तरी दिव्याचा वर्ग बंद. ज्यांना श्रोते घडवता येत नाहीत, ते मुलं काय घडवणार?"

म्हणून सुदेशची योजना! फार सोपी होती. तिकिटामागे छापलं, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं, दिव्यात घरोघरी जाऊन सांगितलं: "पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर लाल कुर्त्यात मी असेन. मी टाळी वाजवल्याशिवाय कोणीही टाळी वाजवायची नाही, नाहीतर दिव्याचा वर्ग बंद. काहीही झालं तरी!" हरिहररावांच्या कानावर मात्र यातलं काही जाऊ दिलं नाही.

शिवाय दारावर पहारा. मागच्या वर्षी उशिरा येणाऱ्यांनी दार सारखं करकरवलं होतं. या वर्षी दाराची किल्ली दिली कलावतीमावशींकडे. मावशी दिव्याच्या. त्यांची नात सान्वी त्या वर्गात शिकायची आणि आज प्रथमच मोठ्यांबरोबर स्टेजवर वाजवणार होती.

"मावशी, हे दार आतून ढकललं की उघडतं, बाहेरून किल्लीशिवाय नाही," सुदेशने समजावलं. "मधे मधे आत एकदम शांत होईल. फसू नका! ते संपलेलं नसतं. आतून टाळ्या ऐकू आल्या की मगच उघडायचं. तोपर्यंत आमदार येऊ दे नाहीतर खासदार!"

"आणि तुम्ही आलात तर?"

"मी आलो तरी नाही!" सुदेश ऐटीत म्हणाला.

माणसाने ऐटीत बोलावं, पण दाराबाहेर जायची वेळ आपल्यावरही येते हे लक्षात ठेवून बोलावं.

कार्यक्रम सुरू झाला. डोंबिवलीचं नाट्यगृह गच्च भरलेलं. वाजवायची होती ती संचालक अद्वयने स्वतः रचलेली, उल्हास नदीवरची सिंफनी. नवी कोरी, चार भागांची. शेवटचा भाग नदी खाडीला मिळते तसा हळूहळू विरत जाणारा. म्हणजे ती नक्की कुठे संपते हे अद्वय आणि वादक सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. अद्वयने सुदेशला शिकवून ठेवलं होतं, "माझे दोन्ही हात वर स्थिर राहिले की समज संपलं. तू टाळी वाजवलीस की मी हात खाली घेईन."

पहिला भाग संपला. शांतता! सगळं नाट्यगृह लाल कुर्त्याकडे बघतंय आणि लाल कुर्ता हाताची घडी घालून बसलाय. कोणी खोकलंसुद्धा नाही. हरिहररावांच्या भुवया वर गेल्या. दुसरा भाग संपला, पुन्हा शांतता! हरिहररावांनी चक्क मान डोलावली. सुदेशला आपण डोंबिवलीत नसून जर्मनीत बसलोय असं वाटायला लागलं.

तेवढ्यात मंदाकिनीताईंनी कोपर मारलं.

"श्रीफळ कुठाय?"

"शालीच्याच पिशवीत."

"पिशवीत शालच आहे फक्त!"

शेवटी हरिहररावांचा सत्कार होता. जर्मनीत असेल नसेल, पण शाल असून नारळ नाही असा सत्कार उल्हास नदीच्या दोन्ही काठांवर आजवर कोणी केलेला नव्हता! तिसरा भाग संपताच मधल्या शांततेत सुदेश वाकून, मांजराच्या पावलांनी दाराकडे गेला, दार करकरू न देता ढकललं आणि बाहेर आला.

बाहेर चहावाल्या हितेशच्या टेबलावर वडे मांडलेले. शेजारी पातेलंभर पांढरीशुभ्र चटणी. येताना नारळ आपण इथेच टेकवला होता, हे सुदेशला आठवलं.

"हितेश! इथे नारळ होता!"

"हो ना, बरं झालं ठेवलात! चटणीला कमीच पडत होता."

सुदेशने कपाळावर हात मारला. वाद घालायला वेळ नव्हता. चौथा भाग सगळ्यात लांब, पंधरा-वीस मिनिटांचा, असं त्याने ऐकलं होतं. तो धावत रस्ता ओलांडून गणपतीच्या देवळापाशी गेला. नारळवाल्याकडे पुढे एक आजी प्रत्येक नारळ कानाशी हलवून बघत होत्या. त्यांचा एकही नारळ पास होईना! अखेर सुदेशने हात घालून मिळेल तो नारळ उचलला, हातात आली ती नोट दिली आणि घामाने निथळत परत आला.

दार बंद.

दारात वर छोटीशी काच होती. टाचा उंचावून त्याने आत पाहिलं. अद्वयचे दोन्ही हात वर होते. स्थिर!

संपलं होतं! वादक गज हातात धरून पुतळ्यासारखे बसले होते. ऐश्वर्या डोळ्यांनी नवऱ्याला शोधत होती. वादकांच्या शेवटच्या रांगेत सान्वी हनुवटीखाली व्हायोलिन तसंच धरून बसली होती. आणि अख्खं नाट्यगृह एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होतं. टाळी वाजवायची कोणाची छाती होती? संपलेलं नसलं तर? आपल्या एका टाळीने दिव्याचा वर्ग बुडाला तर? दिव्याच्या आयाबाया तर हात मांडीखाली घालून बसल्या होत्या.

"मावशी, उघडा! संपलं!"

"संपलं? मग टाळ्या कशा नाय वाजत?"

"मी वाजवल्याशिवाय वाजणार नाहीत!"

"आणि त्या वाजल्याबिगर मी उघडनार नाय. तुम्हीच बोललेलात."

"अहो, पण मी बाहेर आहे!"

"ते दिसतंय मला."

सुदेशने नारळ काखेत मारला आणि तिथेच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. हितेशने दचकून वड्यांवर झाकण ठेवलं.

"ह्या तुमच्या झाल्या," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आतल्या पायजेत."

"मावशी, हात जोडतो! तो अद्वय तसाच उभा आहे, त्याचे हात थरथरतायत!"

"सायेब, माझ्या सान्वीचा क्लास आहे हा," मावशी म्हणाल्या. किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली. "रात्री झोपेत पण बोटं हालवते पोर. मी दार उघडलं, करकरलं, तो म्हातारा उठून गेला, मग मी घरी काय सांगू तिला? नाय उघडनार."

मावशींना एवढं घाबरवून ठेवलं होतं ते सुदेशनेच. फोन करावा तर सगळ्यांचे फोन बंद करायला लावणाराही तोच!

"मागून जावा ना," हितेश वडा तळता तळता म्हणाला. "ढोलवाला बिडीला येतो तिकडून. दारात चप्पल अडकवून ठेवतो."

सुदेश पळाला. इमारतीला वळसा, पार्किंग, गटारावरची फळी, चप्पल अडकवलेलं दार, अंधारा जिना, आणि काही कळायच्या आत तो भपकन उजेडात आला. स्टेजवर! वादकांच्या मागे, दोन भल्या मोठ्या नगाऱ्यांच्या मधोमध. घामाघूम, लाल कुर्ता, हातात नारळ.

सगळं नाट्यगृह त्याच्याकडे बघायला लागलं. आशेने! अद्वयचे हात आता फांदीसारखे हलत होते.

पण टाळी वाजवायला दोन हात लागतात आणि एकात नारळ, काखेत धरावा तर घामाने निसटत होता! सुदेशने आजूबाजूला पाहिलं, जवळची सपाट जागा बघून नारळ टेकवला. ती जागा म्हणजे नगारा.

धुम्म!

लोक सावरून बसले. अरे, आहे अजून! नारळ नगाऱ्यावरून घरंगळला, दुसऱ्या नगाऱ्यावर पडला, पुन्हा धुम्म! तिथून खाली, मग गडगडत वादकांच्या पायांमधून, अद्वयच्या जवळून, स्टेजच्या कडेवरून थेट हरिहररावांच्या बुटांपाशी जाऊन थांबला.

आता नाही तर कधीच नाही! सुदेशने डोळे मिटले आणि टाळी वाजवली.

छप्पर उडेल असा कडकडाट झाला! इतका वेळ दाबून धरलेल्या चार भागांच्या टाळ्या एकदम सुटल्या. अद्वयने हात खाली सोडले आणि मटकन खाली बसला. सान्वीने व्हायोलिन उंच धरलं. दार करकरत उघडलं आणि कलावतीमावशी दारातच उभ्या राहून डोळ्यांना पदर लावत टाळ्या वाजवू लागल्या. सुदेशच्याही डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो!

हरिहरराव हळूच उठले. नारळ उचलून हातात घेतला. त्यांचेही डोळे ओले होते. त्यांनी माइक घेतला.

"मी जर्मनीत अनेक वर्षं संगीत ऐकलं," ते म्हणाले. "तिथेही उत्तम रचना संपल्यावर श्रोते क्षण दोन क्षण स्तब्ध राहतात. पण आज माझ्या डोंबिवलीने जी शांतता पाळली, तेवढी दीर्घ, तेवढी गाढ शांतता मी जगात कुठे अनुभवली नाही! कोणाला टाळी वाजवण्याचंसुद्धा भान राहिलं नाही! दिव्याचा वर्ग चालू राहील. मोहन्यालाही सुरू करा. खर्च ट्रस्टचा."

पुन्हा कडकडाट. सुदेशने छाती फुगवून कुर्ता नीट केला आणि शाल घ्यायला पुढे निघाला.

"अट एकच," हरिहररावांचा आवाज एकदम चढला. त्यांनी नारळ सुदेशच्या दिशेने रोखला. "त्या समाधीत स्टेजवर घुसून, नगारे बडवून, सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटणारा हा लाल कुर्त्यातला इसम कोण आहे, मला ठाऊक नाही. पुन्हा त्याला सभागृहात पाऊल ठेवू देऊ नका!"

मंदाकिनीताईंनी ही अट त्याच रात्री ठरावात घेतली. विरोधात मत कोणाचंच पडलं नाही, ऐश्वर्याचंही नाही.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमालाही चेलो सुदेशनेच उचलून आणला. दारापर्यंत. मग बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर कलावतीमावशींशेजारी बसून राहिला, मांडीवर नारळ सांभाळत. बऱ्याच वेळाने आतून टाळ्यांचा गजर ऐकू आला. सुदेश उठला, कुर्ता झटकला.

"संपलं वाटतं, मावशी. उघडा दार."

मावशींनी दार उघडलं, त्याच्या हातातून नारळ घेतला, एकट्याच आत गेल्या आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.